अर्ध्या वाटेत उतरणारे नाना

जीपमध्ये बसायला आलेल्या माणसाला काय विचारतात? कुठं जायचंय, बास. नाना विचारायचे, "वजन किती?"

आणि उत्तरासाठी थांबायचेही नाहीत. समोरचा तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकायचे, "ऐंशी." मग माझ्याकडं वळून, "पायलट, यांना मागं डावीकडं घ्या, उजवी बाजू जड झालीय." आता तो माणूस मंचरच्या बाजारात सकाळपासून उन्हात उभा, दोन्ही हातांत पिशव्या, घामानं निथळतोय, आणि हा कोण कुठला म्हातारा त्याला ऐंशी किलोचा ठरवून कोपऱ्यात ढकलतोय. मग व्हायचं ते व्हायचं. माझी जीप तेव्हा मंचर ते महाळुंगे पडवळ अशा फेऱ्या मारायची, आणि दिवसातली निम्मी भांडणं नानांनी पेटवलेली असायची. विझवायची मी.

बरं, अंदाज तरी बरोबर असावा. पोत्याचा असायचा, खोटं कशाला बोलू. पण माणसाचा हमखास चुकायचा, आणि कायम वरच्याच बाजूला. काडीपैलवानालासुद्धा ते पंच्याहत्तरच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. एकदा मी वैतागलो. म्हटलं, "नाना, ह्यो गडी पन्नास तरी भरंल का? फुंकलं तर उडंल." त्यावर शांतपणे म्हणाले, "कोट, बूट आन् पाठीवरचं सामान धरून सांगतोय." एप्रिल महिना, रस्त्यावर डांबर वितळतंय, कुणाच्या अंगावर कोट? पण नानांच्या डोक्यातली सगळी माणसं कायम थंडीच्या कपड्यांत असायची. एका बाईला त्यांनी भर जीपमध्ये ब्याण्णव सांगितलं, तेव्हा ती जे बोलली ते मी सांगत नाही.

मी अवसरी बुद्रुकचा, ते महाळुंग्याचे. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. जीपच्या पुढच्या सीटवर होते तेवढी ओळख झाली, आणि मग ती सुटलीच नाही. तोंडावर सगळे त्यांना नाना म्हणत, पाठीमागं 'काटा'. मार्केट यार्डातला वजनकाटा, तो. मला पायलट म्हणणारा जगात हा एकच माणूस. आधी वाटलं चेष्टा करतात. नंतर कळलं, ते मनापासून म्हणतात, आणि पायलटनं कसं वागावं याबद्दल त्यांची मतं फार कडक आहेत. माझ्या गालात तंबाखू असली की महाळुंगं येईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत.

जवानीची वर्षं त्यांनी हवाईदलात एका हेलिकॉप्टरवर काढली होती. हेलिकॉप्टर म्हटलं की हल्ली आपल्याकडं लग्नात नवरदेव घेऊन उतरतं ते चकचकीत डोळ्यांपुढं येतं. तसलं नव्हे. रशियन बनावटीचं, थोराड, पेट्रोलवर चालणारं, माल आणि माणसं वाहणारं. एमआय-फोर. नाकात इंजिन, इंजिनाच्या डोक्यावर पायलट, मागं पोटात जवान आणि रेशनची पोती, आणि सगळ्यात शेवटी कपाटासारखी उघडणारी दोन दारं. "तुमच्या फटफटीत एक पिस्टन, त्याच्यात चौदा," नाना मला समजावायचे. "बाकी समदं त्येच. त्याल गळायचं, धूर काढायचं, थंडीत रुसायचं. चालू झालं की आमचं दात वाजायचं. थंडीनं न्हाई, इंजिनानं." पुढं शिट्टीसारख्या आवाजाची नवी हेलिकॉप्टरं आली, ती त्यांना मनातून आवडायची नाहीत. ज्या इंजिनाचे ठोके कानाला कळत नाहीत त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा, हा त्यांचा सवाल.

त्या हेलिकॉप्टरची एक खोड होती. खाली मैदानात डझनभर माणसं घेऊन मजेत उडायचं, पण डोंगरात उंच गेलं, हवा पातळ झाली, की त्याचा दम जायचा. म्हणून वर सगळा खेळ वजनाचा. नाना त्यात इंजिन फिटर म्हणून बसायचे आणि आत चढणाऱ्या प्रत्येकाला डोळ्यांनी तोलायचे. ती सवय तेवढी बरोबर घेऊन आले.

आणि एक आणली, ती म्हणजे बूड न टेकणं. मी नानांना पंगत सोडून कुठं मांडी घालून बसलेलं पाहिलं नाही, आणि पंगतीतही दुसरी वाढ यायच्या आत उठलेले असायचे. चहा उभ्यानं, तोही दोन घोटांत, मग कप कुणाच्या तरी हातात कोंबून पुढं. दारात आलेल्या पाहुण्याला "बसा, बसा" म्हणत स्वतः ओट्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यात. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मागं मागं चालायचं. मी विचारलं, असं काय करता, तर म्हणाले, वर उतरलं की इंजिन बंद करायची सोय नव्हती, थंडीत परत चालू होईल याची खात्री कुणी द्यायची? मग पंखा फिरत असताना जे काय उतरवायचं-चढवायचं ते घाईत. आता अंगणात कुठला पंखा फिरत होता देव जाणे, पण घाई काही सुटली नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला राग यायचा तो त्यांच्या उतरण्याचा.

गाडी भरली की नाना उतरायचे. रस्त्यात कुणी हात केला, मी "जागा न्हाई" म्हणून खूण केली, की शेजारून आवाज यायचाच, "पायलट, थांबा. एक कमी करा." कमी करायचा तो एक म्हणजे ते स्वतः. हात करणारी बाळंतीण असो, परीक्षेला निघालेलं पोरगं असो, नाहीतर चालायचा कंटाळा आलेला धडधाकट टगा असो. नाना खाली. दार बाहेरून नीट लावायचे, पत्र्यावर दोन थापा मारायचे, जा म्हणून, आणि चालू लागायचे. आरशात बघावं तर धुरळ्यात लगबगीनं येताना दिसायचे, जणू काही गाडीच्या आधी हेच पोचणार आहेत.

"नाना, आधी येऊन जागा धरली ना तुमी? मग बसा की गप."

"बसलो व्हतो की. आता तो बसंल."

मी आपला गिअर टाकायचो.

नानांच्या मुलाच्या लग्नातली गोष्ट सगळ्या महाळुंग्याला माहीत आहे. अक्षता पडल्या, फोटोला सगळे स्टेजवर चढले. मामे, मावश्या, पावणेरावळे, दोन-चार पुढारी. कुठंतरी फळी करकरली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. नानांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, मनातल्या मनात बेरीज केली असणार, कोट-बूट धरून, आणि मागच्या बाजूनं गुपचूप उतरले. फोटोत सगळं खानदान आहे, नवऱ्या मुलाचा बाप नाही. काकींच्या शेजारी त्यांच्या जागेवर कुठलासा पुढारी हात जोडून उभा आहे. आणि त्या वेळी नाना कुठं? आचाऱ्याजवळ, उभ्यानं चहा पीत.

काकी म्हणजे नानांची बायको. अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ, आणि मनानं अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. तो फोटो त्यांनी भिंतीवर लावला आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात. "बगा. बगणाऱ्याला वाटंल, मी ह्याचीच बायकू."

एकदा जीप पंक्चर झाली म्हणून मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा काकींनी मला जत्रेची हकीकत सांगितली. त्यांना पाळण्यात बसायची फार हौस. उंच फिरणारा मोठा पाळणा. नाना हो-नाही करता करता तयार झाले. आधी पाळणेवाल्याशी वाद घातला, की तू एकाच बाजूची खोकी भरतोयस, समोरासमोर भर. पाळणेवाल्यानं ऐकलं, कारण नाना हलेनात. मग दोघं बसले. आडवी दांडी लागणार, तेवढ्यात खाली एक पोरगी रडायला लागली, तिचा बाप म्हणतोय जागा नाही, पुढच्या खेपेला बसू. झालं. नाना खाली, ती पोरगी काकींच्या शेजारी.

"पाळणा वर गेला," काकी सांगत होत्या, "आन् मी त्या लोकाच्या पोरीला धरून बसलेली. खाली बगते तर हे. मला बगायचं सोडून लोकास्नी हात करत्यात, मागं सरा, मागं सरा, म्हणून. पाळणा का कुनाच्या डोक्यावर पडनार व्हता?"

आम्ही दोघंही हसलो. मग काकी म्हणाल्या, "हसन्यावारी न्हेऊ नको बाबा. मला सोनं नको, नानं नको. एकदा ह्यांच्या शेजारी बसून निगायचं आन् शेजारी बसूनच पोचायचं. नारायणगावपातुर का व्हईना. सौंसार झाला माझा, पन यवढं न्हाई झालं."

नाना का उतरतात ते मला मढच्या वाटेवर कळलं. त्यांच्या भावकीतलं लग्न होतं तिकडं, वऱ्हाड माझ्या जीपमध्ये. किती भरलं होतं विचारू नका, टपावर भांडी आणि टपाच्या कडेला लोंबकळणारी माणसं. चढ लागला तशी गाडी रडायला लागली. नानांनी इंजिनाला कान लावला आणि ठरल्याप्रमाणं उतरले. काकी आत बसून पुढं गेल्या, तोंड फुगवून. मी वऱ्हाड मांडवात सोडलं आणि नानांना आणायला माघारी वळलो. वाटलं, म्हातारा दमून एखाद्या दगडावर बसला असेल. कसला बसतोय. रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारत होते, चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं.

मी त्या दिवशी चिडलोच. काकींचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढं होतं. म्हटलं, "नाना, सतरा माणसं व्हती. त्यात तरणीताठी पोरं व्हती. तुमालाच का उतरायचं आसतं?"

गाडीत बसल्यावर बोलायला लागले ते समोरच्या काचेकडं बघत.

वर डोंगरात एक ठाणं होतं. तिथले दोन जवान आजारी पडले, रक्ताच्या उलट्या. त्यांना आणायला नानांचं हेलिकॉप्टर गेलं. जवान आत घेतले, पायलटसाहेबांनी हेलिकॉप्टर उचललं. हातभर उठलं आणि परत बसलं. पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. आतलं सामान काढलं, हत्यारांची पेटी काढली. तरी उठेना. वारं वाढायला लागलं होतं.

"साहेब वरती, मी खाली पोटात. कानाला यंत्र लावलेलं," नाना म्हणाले. "त्यातनं साहेबांनी माझं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं काय बोललंच न्हाईत."

"मग?"

"मग उतरलो. दार लावलं, पत्र्यावर थाप मारली. आन् उठलं की वो ते. लई सुरेख उठलं, पायलट. यवढी वर्सं त्याच्यासंगं काढली, पन असं उठताना मी त्याला कवा बगितलंच नव्हतं. मी आत नसलो की ते असं उठतंय, हे मला म्हाईतच नव्हतं."

नंतर ढग आले ते हटलेच नाहीत. पुढची खेप यायला किती दिवस गेले ते नाना कधी नीट सांगत नसत, पण पुष्कळ गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रजा होती, घरी तार आधीच गेलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काकी रोज नवं लुगडं नेसून मंचरच्या स्टँडवर यायच्या, पुण्याहून आलेल्या एकेका गाडीतून उतरणारी माणसं बघायच्या आणि शेवटच्या गाडीनंतर घरी जायच्या. पुढं पुढं लोक काहीबाही बोलायला लागले, नवऱ्यानं टाकली म्हणून. तरी जायच्या.

"ते दोगं जवान?" मी विचारलं.

"वाचलं."

"मग झालं की नाना. चांगलंच झालं."

"चांगलंच झालं. मी कुटं वाईट म्हनतोय?" त्यांचा गुडघा सारखा हलत होता. "पन तवापास्नं कुटलीबी गाडी भरली ना, की मला वाटतं, आता माजं नाव घेत्यात. त्यांनी घ्यायच्या आत आपुनच उतरावं."

मी त्यानंतर त्यांना उतरण्यावरून कधी बोललो नाही. राग गेला असं नाही, पण बोललो नाही.

पुढं जीप मोडीत निघाली. मी पिकअप घेतली आणि टोमॅटोची कॅरेट पुण्याच्या मार्केटला न्यायला लागलो. नानांच्या शेतातलाही माल असायचा. एक दिवस कॅरेट भरायला गेलो तर घरात नुसता गोंधळ. काकींच्या छातीत दुखत होतं, पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की ऑपरेशन ताबडतोब करा, उशीर केलात तर माझ्याकडं येऊ नका. मुलगा पुण्याला राहतो, तो गाडी घेऊन आलेला. आणि काकी खाटेवर बसून होत्या, ढिम्म हलत नव्हत्या.

त्यांनी अट घातली होती. नानांनी शेजारी बसून यायचं. दवाखान्याच्या दारापर्यंत. "मधी उतरले, तर मीबी तितनंच माघारी फिरनार. मंग काय व्हायचं ते व्हईल."

"आई, माझ्या गाडीत पाच सीट आहेत, आपण तिघं," मुलगा कळवळून सांगत होता. "नाना कशाला उतरतील?"

"पाच हाईत म्हनूनच," काकी म्हणाल्या. "दोन रिकाम्या दिसल्या की हे कुनाला तरी घेनार. त्यो त्याच्या बायकूला घेनार. मंग एक जास्त व्हनार, आन् हे उतरनार. मी वळखत न्हाई व्हय ह्यांना?"

एसटीचं नाव काढायची तर सोयच नव्हती. आणि तेवढ्यात काकींची नजर बाहेर उभ्या माझ्या पिकअपवर गेली. त्यांनी मला आत बोलावलं. तुझ्या बाजूला किती बसतात? दोन. मागं काय असतं? माल. माल किती? टपापर्यंत, दोर आवळून. काकींचा चेहरा उजळला. "ह्याच्यात जायचं. दोनच जागा, त्याबी भरलेल्या. ह्याला कोन हात करनार?"

मुलगा माझ्यावरच उखडला, जसं काही मीच शिकवलं होतं. मीही म्हटलं, काकी, माल कमी घेतो, लवकर पोचू. तर नाही, पूर्ण भर, मागं रिकामी फळी दिसली तर हे जाऊन बसतील आणि पुढं दुसऱ्याला बसवतील. एवढा पक्का हिशेब. बाईच्या जिवावर बेतलेलं, आणि डोकं चाललंय ते नवऱ्याला बसता कसं करायचं यात. नाना हे सगळं दारात उभं राहून ऐकत होते. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "न्हाई उतरत." मुलगा खाट मिळवायला त्याच दिवशी पुढं गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

काकी मधे, नाना दाराकडं. काकींनी एका हातानं नानांचं मनगट धरलेलं, जत्रेत पोराचं धरतात तसं, आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर. नानांचे दोन्ही गुडघे नाचत होते. "टेंपरेचर बगा, पायलट. लोड जास्त घेतलाय तुमी." मी म्हटलं, "नाना, आज तुमी नुसतं पाशिंजर हाय." मंचरच्या स्टँडजवळ जुन्या ओळखीच्या कुणीतरी सवयीनं हात केला आणि नानांचा हात सवयीनं दाराकडं गेला. काकींनी मनगट खाली ओढलं. मंचर मागं पडलं तशी काकींची कळी खुलली. ह्या विहिरीला पाणी किती आलंय बघा, हे कुणाचं घर, हा बंगला कधी झाला. दुखत असणार त्यांना, ओठ निळसर दिसत होते, पण बोलणं थांबेना. पेठ ओलांडलं तेव्हा म्हणाल्या, "यवढ्या लांब आपुन पयल्यांदाच आलो की वो शेजारी बसून." नाना हसले. मी नानांना हसताना तसं कमीच पाहिलंय.

खेडचा घाट यायच्या आत एक माणूस रस्त्यात आडवा आला, दोन्ही हात वर करून. मी ब्रेक दाबला. कडेला एक बाई बसलेली, पाय पुढं पसरून. कांद्याच्या शेतात मजुरीला आलेलं जोडपं होतं. बाईला घोणस चावली होती, घोट्यापासून वर पाय सुजत चालला होता. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, ती निघालीय, पण हिचे डोळे मिटायला लागलेत, असं तो माणूस एका दमात सांगत होता. खेडचा दवाखाना घाट उतरला की होता. मागं बघावं तर रस्त्याला दुसरी गाडी नाही.

मी नानांकडं बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. नाना हलले नाहीत. खरंच हलले नाहीत. समोरच्या काचेकडं बघत बसून राहिले, आणि त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मग त्यांनी मान वळवून काकींकडं बघितलं. आजवर न विचारता उतरत आलेला माणूस पहिल्यांदा विचारत होता, तेही नुसत्या नजरेनं.

काकींनी मनगट सोडलं. म्हणाल्या, "जावा."

नाना उतरले. त्या माणसानं बायकोला उचलून आत काकींच्या शेजारी टेकवलं आणि मागं सरला, तशी बाईनं त्याच्या सदऱ्याला मूठ घातली. तिला धड बोलता येत नव्हतं, जीभ जड झालेली. "तुमी चला. मला यकलीला नका धाडू."

"जागा न्हाई गं. मी येतो की मागनं."

"यकलीला नका धाडू."

काकी त्या बाईच्या मुठीकडं बघत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गाडी बंद करू नको," आणि माझ्या बाजूनं उतरायचं म्हणून मलाच खाली ढकललं.

"काकी, कुटं?"

"उतरते."

नाना धावत पुढून वळसा घालून आले. "तू न्हाई. तू बस. तुजं आपरेशन हाय. तू बस गं."

काकी खाली उतरून उभ्या राहिल्या, दाराला धरून, धापा टाकत. "इतकी वर्सं तुमी उतरलात आन् मी बसून ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "आता न्हाई बसायची." आणि त्या माणसाला, "चढ रं. हिचा हात धरून बस."

गोळ्यांची पिशवी त्यांनी काखेत मारली. मी काय करणार होतो? बाईचे डोळे मिटत होते. मी चढलो आणि गाडी काढली. आरशात शेवटचं दिसलं ते दोघं रस्त्याच्या कडेला, जवळ जवळ उभे.

तो घाट मी कसा उतरलो मला माहीत नाही. दवाखान्यात त्या बाईला ताब्यात घेतलं. वाचली ती, नंतर कळलं. मी काकींच्या मुलाला फोन केला, तो फोनवर रडायलाच लागला, मग शिव्या द्यायला लागला, मी ऐकून घेतल्या. भरलेली गाडी घेऊन परत घाट चढायचा, पुढं ट्रक, ओव्हरटेक करता येईना. डोक्यात नको नको ते. ही बाई रस्त्यात कोसळली असेल तर? आणि हा माणूस, त्याला तर एका जागी उभं राहवत नाही, तो मदत शोधायला म्हणून तिला टाकून पळाला असेल तर? सोडलं होतं त्या जागी पोचलो तर तिथं कुणीच नाही. मी गाडी तशीच पुढं दामटली.

जरा पुढं एक रसवंती होती, पत्र्याच्या शेडची. तिथं बाकावर दोघं दिसली. काकी बसलेल्या. नानाही बसलेले, चांगले पाठ टेकून, आणि ढसाढसा रडत होते. मी गाडीतून उडीच मारली. काकी पदरानं त्यांचं तोंड पुसत होत्या.

"काय झालं काकी? दुखतंय का?"

"मला काय धाड भरलीय? हेच मगापास्नं रडत्यात. इचारलं तर सांगत न्हाईत."

"आता? माघारी फिरायचं का?" मला त्यांची अट आठवत होती.

"माघारी कशापायी? डॉक्टर वाट बगत असंल. हे हाईत की शेजारी."

आम्ही गेलो पुण्याला. ऑपरेशन नीट झालं, काकी आजही आहेत, अजूनही तो लग्नाचा फोटो दाखवून नानांना नावं ठेवतात. नाना मात्र गेले, दोन वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला लोक वजनाचे किस्से सांगत बसले होते, मीही सांगितले. पण रसवंतीवरचं मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

त्या बाकावर नानांचं रडणं ओसरलं, तेव्हा ते बोलले. माझ्याशी बोलत होते, पण बघत होते काकींकडं.

"तिकडं वर हेलिकॉप्टर निगून गेलं ना पायलट, तवा मी मागं वळून बगितलं व्हतं. वाटलं, दुसऱ्या बाजूनं कुनी उतरलं असंल माझ्या सोबतीला. कुनी नव्हतं. नंतर किती गाड्यांतनं उतरलो, दर बारीला येकदा वळून बगायचो. आज तुमची गाडी गेली, वळून बगितलं, तर ही."

काकींनी पदर खाली घेतला. त्यांच्या तोंडाला तोंड देणं आम्हाला कुणालाच कधी जमलं नव्हतं, पण त्या वेळी त्या हळूच बोलल्या, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं.

"मंग हाक मारायची व्हती. आले असते की तितंबी."